हीनयान म्हणजे फक्त स्वतःपुरती मुक्ती पाहणारा पंथ, हे खरं आहे का?

कार्ल्याचं चैत्यगृह ‘हीनयान लेणं’ आहे असं ऐकून तुम्हाला हा प्रश्न पडला, असं लिहिलंय तुम्ही. मीही शाळेत हेच शिकलो आणि बरीच वर्षं तेच धरून होतो.

मुळात ‘हीनयान’, म्हणजे कमी प्रतीचं वाहन, हे नाव महायान या दुसऱ्या बौद्ध पंथाच्या ग्रंथकारांनी इतरांना दिलेलं. कुठल्याही संप्रदायाने ते स्वतःला लावलं नाही. शिलालेखांत वेगळीच नावं सापडतात. कार्ल्याला हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दान दिला तो महासांघिकांना. नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचं दान आहे ते भद्रायणीय भिक्खूंना. परंपरा असे १८ निकाय, म्हणजे भिक्खूंचे संप्रदाय, सांगते.

आता ‘स्वतःपुरतं’. या निकायांचं ध्येय अर्हतपद, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याची अवस्था. त्यासाठी मनाची दहा बंधनं तोडायची. ‘मी’ म्हणून काही कायमचं आहे ही समजूत, मार्गाविषयी शंका आणि कर्मकांडाने सुटका होईल हा भरवसा, ही पहिली तीन तुटली की माणूस स्रोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या प्रवाहात उतरलेला. माझ्या मनातला लोभ दुसरं कुणी कसं काढणार? मार्ग एकेकट्याचा आहे तो एवढ्याच अर्थाने.

आपल्या एसटीचं ब्रीद आठवा: बहुजन हिताय, बहुजन सुखाय. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, हे शब्द बुद्ध कुणाला म्हणतात? पहिल्या ६० अर्हतांना! पंचवर्गीय भिक्खू म्हणजे बुद्धांचे पहिले पाच शिष्य, मग यश नावाचा तरुण आणि त्याचे मित्र, सगळे मुक्त झालेले. त्यांना ते सांगतात, लोकांच्या हितासाठी फिरत राहा, एका वाटेने दोघे जाऊ नका. हे वाचलं तेव्हा माझी शाळेतली समजूत गळून पडली.

संयुत्तनिकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात एका डोंबाऱ्याची गोष्ट आहे, मला ती फार प्रिय आहे. बांबूवरच्या खेळाआधी तो शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, तरच दोघं धड खाली उतरू. बुद्ध शिष्याचं म्हणणं बरोबर ठरवतात. मात्र तिथेच थांबत नाहीत. स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो, ते साधनेने. आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो, ते क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने, असं ते पुढे सांगतात.