वाचक विचारतात : मंद ज्योत, पत्र्याचं घर आणि रात्रीचा गॅसचा वास

प्रश्न : गॅसची टाकी हलवली की आत खळखळ ऐकू येते, तरी जानेवारीत पहाटे ज्योत मिणमिणते. शेजारी टाकी आडवी करतात किंवा उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. तसं करावं का? (एक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : दोन्ही नको, आडवी तर मुळीच नको. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली. त्यामुळे प्रोपेन आधी जास्त निघून जातं आणि टाकी संपत येते तसं ब्युटेनचं प्रमाण वाढतं. त्यात द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती द्रव आणि पोलादच पुरवतं, म्हणून टाकी आणखी गार पडते. पहाटे पारा दहाच्या खाली असताना दोन्ही बर्नर मोठे केले की दाब कोसळतो.

उभ्या टाकीत व्हॉल्व्हपाशी फक्त वाफ असते. आडवी केली की तिथं द्रव पोहोचतो. एक लिटर द्रवाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. रेग्युलेटर द्रवासाठी बनवलेलाच नाही, त्यामुळे ज्योत अचानक उसळते आणि ती आवरायला हाताशी काही नसतं. उकळत्या पाण्यानं दाब किती वाढला हे कळायला घरात साधन नसतं.

भाकरीच्या वेळी एकच बर्नर पेटवा, टाकी गार वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. गॅस किती उरलाय हे पाहायला ओल्या फडक्यानं टाकीवर उभा पट्टा पुसा. वरचा भाग लवकर वाळतो, द्रव आहे तिथपर्यंत ओल टिकते. पक्कं हवं तर वजन करून टाकीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करा. भरलेल्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. ज्योत मंद नसून पिवळी असेल, भांडी काळी होत असतील, तर दोष टाकीचा नाही. बर्नरची भोकं आणि जेट साफ करून घ्या.

प्रश्न : आमचं घर पत्र्याचं. मे महिन्यात टाकी तापून फुटेल का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : नुसत्या हवेच्या उष्म्यानं नाही. द्रव फुगायला टाकीत मोकळी जागा ठेवूनच ती भरतात. मात्र थेट ऊन आणि चुलीची धग यांपासून ती लांब हवी. टाकीच्या वरच्या पट्टीवरची तपासणीची तारीखही बघा : 'बी २७' म्हणजे जून २०२७ अखेर. ए मार्च, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका.

प्रश्न : रात्री गॅसचा वास आला तर आधी काय करावं? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : दिव्याचं बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखाही तसाच राहू द्या. रेग्युलेटर बंद करा, देवापुढची समई आणि उदबत्ती विझवा, दारं-खिडक्या उघडा. मग रेग्युलेटर काढून दोरीची पांढरी टोपी व्हॉल्व्हवर घट्ट बसवा, माणसं बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो. उंचावरच्या झरोक्यानं काम भागत नाही, दार उघडावंच लागतं. मूळ गॅसला वास नसतो, म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. हवेत गॅस सुमारे २ ते ९ टक्के असला की पेट घेतो. वास त्याच्या बऱ्याच आधी जाणवतो, म्हणून घाबरून धावाधाव करू नका. पण उभ्या माणसाच्या नाकाशी कमी वाटलं तरी पायाशी जास्त असू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

बहुतेक वेळा गळती व्हॉल्व्हच्या आतल्या रबरी रिंगेपाशी किंवा नळीच्या टोकाशी सापडते. टाकी देणारा माणूस निघण्यापूर्वीच त्याच्यासमोर टोपी काढून व्हॉल्व्हमध्ये साबणाचं पाणी घाला. बुडबुडे आले तर टाकी तिथंच परत करा. काडी पेटवून गळती शोधू नका. नळी नारिंगी, आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपर्यंतच, जोड न दिलेली हवी. तिच्यावर कापड गुंडाळू नका, भेगा झाकल्या जातात. पाच वर्षं झाली की चांगली दिसली तरी बदला.