चाकांचा घुमणारा आवाज: बेअरिंग की टायर?
मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकून पाहा. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला, तर इंजिनाला दोष देण्याचे कारण उरत नाही. मग स्टिअरिंग हलकेच डावीकडे वळवताना आवाज वाढला, तर भार उजव्या चाकांवर जात असल्याने संशय बहुधा उजव्या बेअरिंगवर (चाक ज्याच्या आधारे आसावर सहज फिरते तो भाग) घ्यावा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाजही बदलत असेल, तर टायरची असमान झीज चाचपावी आणि पुढची-मागची चाके आपसांत बदलून आवाज जागा बदलतो का, हे ऐकावे. (सरसकट चारही बेअरिंग बदलणे मला पटत नाही.) शेवटी गाडी जॅकने उचलून आधाराच्या स्टँडवर भक्कम टेकवून चाक हाताने फिरवावे, दुसरा हात चाकाजवळच्या कॉइल स्प्रिंगवर (धक्के झेलणाऱ्या वेटोळ्या स्प्रिंगवर) ठेवल्यास खराब बेअरिंगची खरखर बोटांना जाणवते.