पेडण्याचा बोगदा आणि तुमची लेक

पत्र सावंतवाडीहून आहे. मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. जुलै 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी-चिखल शिरला, गाड्या थांबल्या. तेव्हापासून ‘मऊ मातीतले बोगदे’ हाच विषय घ्यायचा असं तिनं ठरवलंय. वडील विचारतात, आयटीकडे वळवू का?

नमस्कार,

वळवू नका. रोजच्या गाडीच्या वाटेवरचा प्रश्न तिला स्वतःला पडला आहे, तो जपा.

कोकण रेल्वेचे बहुतेक बोगदे कातळात आहेत, पण दमवलं ते मातीतल्या थोड्या बोगद्यांनी. जांभ्याखालची ही माती कोरडी असते तोवर उभी राहते, पाणी लागलं की ढासळते. म्हणून आधी मातीला बळ द्यायचं, मग खोदायचं. चिकणमातीत साधं ग्राउटिंग, म्हणजे मातीच्या छिद्रांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरणं, चालत नाही, कारण तिची छिद्रं सिमेंटच्या कणाहून बारीक असतात. मग जेट ग्राउटिंग करतात. शेकडो बार दाबाची सिमेंटची धार माती कापते, तिच्यातच मिसळते आणि जमिनीत खांब तयार होतो. कुठे नळ्यांतून उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन सोडून माती चक्क गोठवतात. कोलकात्यात 2019 साली बोगदा खोदताना मशीनपुढे पाण्याचा थर लागला आणि बउबाजारातली घरं खचली. जमिनीखाली काय आहे हे आधी ओळखणारी माणसं लागतात ती यासाठी.

कामाची चिंता नको. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. मात्र सुरुवातीची वर्षं कष्टाची असतात, हे तिला स्पष्ट सांगा: रात्रपाळी, गमबूट, पिझोमीटरची (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या यंत्राची) रीडिंग्ज. माझ्या मते रीडिंग्जचं काम तिनं मागून घ्यावं. माती कशी वागते ते तिथेच कळतं. पदवीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती-खडकाच्या इंजिनिअरिंगमध्ये, एमटेक करावं. आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी, दोन्हीकडे हा विषय आहे.

या सुट्टीत एक करा. शेतातल्या ओल्या मातीची वडी तिला तळहातावर घ्यायला सांगा आणि दुसऱ्या हातानं त्या हाताला टपटप मारू द्या. वर पाणी चमकलं तर माती गाळाची, नाही चमकलं तर चिकण. मग त्याच मातीची 3 मिलिमीटरची वळी वळायला सांगा. वळी कधी तुटते हे बघत ती अंगणात तासभर बसली, तर गेटच्या क्लासची फी भरून टाका.