डॉक्टर आले की डॉक्टर आल्या?

प्रश्न : आमच्या बालवाडीत गोष्टींची साठेक पुस्तकं आहेत. त्यांतली कोणती मुलगा-मुलगी भेद शिकवतात हे कसं ओळखायचं? अशी पुस्तकं काढून टाकावीत का? (शिक्षिका, सांगली)

उत्तर : काढू नका, आधी मोजा. वहीत प्रत्येक पुस्तकाला एक ओळ द्या आणि चार रकाने पाडा : गोष्ट कुणाची, घराबाहेर कोण पडतं, अडचण कोण सोडवतं, चित्रात कुणाच्या हातात काय आहे. चित्रांचा रकाना सगळ्यांत आधी भरा, कारण वाचता न येणारं मूल चित्रंच वाचतं. आईच्या हातात लाटणं आणि बाबांच्या हातात वर्तमानपत्र हे एका पुस्तकात खटकत नाही. ओळीनं वीस पुस्तकांत दिसलं की डोळे उघडतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, तर त्याची बातमी झाली होती!

प्राणीही मोजा. वाघ, हत्ती, ससा, कोल्हा, उंदीर हे सगळे ‘तो’. मुंगी, खार, चिमणी ‘ती’. पराक्रम आणि लबाडी बहुतेक वेळा पहिल्या गटाच्या वाट्याला येते, घर सांभाळणं दुसऱ्याच्या. चिऊकाऊच्या गोष्टीत पावसात टिकणारं घर चिऊचं, पण काऊ दार वाजवतो तेव्हा ती बाळाला तीट लावत असते. तिनं ते मेणाचं घर बांधलं कसं, हे कुणी सांगतच नाही. तुम्ही सांगा.

मराठीत आणखी एक सोय आहे. अस्वल, कासव, हरीण, वासरू ही सगळी ‘ते’. बिनशब्दांच्या चित्रांवरून गोष्ट रचताना हे प्राणी घ्या. मात्र सवयीनं ‘अस्वलदादा’ म्हणालात की सोय गेली.

माणसांच्या बाबतीत सगळं क्रियापदावर असतं. ‘डॉक्टरांनी तपासलं’ यात बाई की पुरुष ते कळत नाही. ‘डॉक्टर आले’ हे आदरार्थी असलं तरी मुलाला पुरुषच दिसतो. अधूनमधून ‘डॉक्टर आल्या’ म्हणा आणि पुढे वाचा. ‘बाई असूनही डॉक्टर झाली’ हे मात्र नको, त्यातला ‘असूनही’ केलेलं सगळं पुसून टाकतो. असे बदल पहिल्याच वाचनात करावेत. तीन-चार वर्षांच्या मुलांना गोष्ट पाठ झाली की एक शब्द बदललेलाही चालत नाही. मग मूळ वाक्य तसंच वाचा आणि विचारा, ‘आई स्वयंपाक करतेय, तोवर बाबा काय करत असतील?’

प्रश्न : माझा चार वर्षांचा मुलगा भातुकली मागतो. सासूबाई म्हणतात, बायकी होईल. काय करू? (नागपूर)

उत्तर : द्या. या वयाची मुलं मोठ्यांची कामं उचलतात, त्यात एवढंच आहे. उलट ‘बायकी होशील’ हे वाक्य जपून वापरायला हवं. आपण मुलगा आहोत ते कायमचं, कपड्या-खेळण्यांनी बदलत नाही, ही समज साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होत नसते. चार वर्षांचं मूल ते शब्दशः खरं मानून घाबरू शकतं.

प्लास्टिकच्या संचाऐवजी छोटं पोळपाट-लाटणं आणि लिंबाएवढा कणकेचा गोळा द्या. कणीक पुरीसारखी घट्ट हवी. सैल असली की चिकटते, मूल कंटाळतं आणि मोठं माणूस हातातून लाटणं काढून घेतं. लाटायला शिकवण्याचं काम सासूबाईंकडेच सोपवा आणि झालेली पोळी भाजून त्यालाच खाऊ द्या. बाबांनाही खेळायला बसवा, पण बहुतेक बाबा पाहुणे होऊन आयता चहा पितात. त्यांनी भांडी घासायची.

प्रश्न : वर्गात ठोकळ्यांशी मुलगेच खेळतात, मुली भातुकलीच्या कोपऱ्यातून हलत नाहीत. (अंगणवाडी सेविका, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही कोपरे शेजारी आणा आणि मध्ये कपाट असेल तर ते सरकवा. चूल, घर, दुकान रचायला ठोकळे लागतात, खेळ आपोआप मिसळतात. ठोकळे मात्र भरपूर हवेत. कमी पडले की जो हिसकावतो त्याचेच होतात. सुतारकामातले उरलेले लाकडाचे तुकडे पॉलिश पेपरनं घासून घेतले तरी चालतील, कुसळ राहता कामा नये.