मे महिन्यातली व्हीबीएस (चर्चची मुलांसाठीची सुट्टीतली बायबल शाळा) पहिल्यांदा घेताना

वेळ सकाळी ८ ते ११ एवढीच ठेव. त्यानंतर पत्र्याचा हॉल तापतो आणि मुलं ऐकत नाहीत, त्यात त्यांचा काही दोष नसतो.

रोज एकच गोष्ट सांग, पण ती मुलांकडून करवून घे. जक्कयची गोष्ट असेल (गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून झाडावर चढलेला बायबलमधला बुटका जकातदार), तर बाक म्हणजे उंबराचं झाड. सगळ्यात बुटक्या मुलाला त्यावर चढव, बाकीच्यांनी गर्दी करून वाट अडवायची. बाक मात्र दोघांनी धरून ठेवा. पाठांतराला छोटं वचन दे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढं लहान गटाला पुष्कळ झालं.

शेजारच्या ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही येतात, आणि यावीतच. त्यांच्या आईवडिलांना आधीच स्पष्ट सांग की इथे बायबलच्या गोष्टी, गाणी आणि प्रार्थना असते. संमती लेखी घे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कोणतंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नको, मग तो कितीही जुना सभासद असो. न्यायला कोण येणार ते रजिस्टरमध्ये लिहून ठेव, दुसरं कोणी आलं तर घरी फोन कर.

खाऊ साधाच ठेव: पोहे, केळं, लिंबू सरबत. चिक्की देण्याआधी शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, विचार.