थकबाकी एकत्र मागावी की वेगवेगळी?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात सौर कृषिपंप बसवणाऱ्या आमच्या पाच लहान कंपन्या आहेत. एरवी निविदेत आम्ही एकमेकांसमोर उभे असतो. सरकारी वीज कंपनीकडे पाचही जणांची बिले अडकली आहेत. सगळ्यांनी मिळून एकच दावा टाकला तर चालेल का? पुढच्या निविदेत त्याचा त्रास होईल का?

उत्तर : वकील एक चालेल, दावा एक नको. प्रत्येकाची वर्क ऑर्डर वेगळी, म्हणजे करारही वेगळा. पाच रकमा एका अर्जात घातल्या की एकाच्या कामातली त्रुटी दाखवून पाचही जणांचे प्रकरण लांबवता येते. दिवाळखोरी संहितेच्या कलम ९ खाली तर पुरवठादारांना आपापल्या रकमा जोडून अर्जासाठी लागणारी १ कोटीची किमान थकबाकी गाठताच येत नाही.

एकत्र करायचे ते हिशेबाचे काम. पाचही जणांनी एकाच नमुन्यात तक्ता भरा : वर्क ऑर्डर क्रमांक, लाभार्थी क्रमांक, पंपाची अश्वशक्ती, संयुक्त पाहणीची तारीख, बिलाचा आवक क्रमांक, मिळालेली रक्कम, कपात आणि तिचे कारण. देखभालीपोटी अडकवलेली ठेव मुदत संपेपर्यंत देय होत नाही, म्हणून ती वेगळ्या रकान्यात ठेवा. ठेव आणि टीडीएस थकबाकीत मिसळले की आकडा फुगतो आणि लेखा विभाग पहिल्याच बैठकीत तक्ता बाजूला सारतो.

पाच तक्ते शेजारी ठेवले की गाडे कुठे रुतले ते दिसते. पंप वावरात पाणी ओढतो आहे, पण रेंज नसल्याने आरएमएसचा (पंपावर दुरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचा) डेटा पोर्टलवर नाही. किंवा कंट्रोलरचा क्रमांक फोटोत एक आणि अहवालात दुसरा. अशी बिले आधी दुरुस्त करा. त्यांना वकिलाच्या नोटिशीचा उपयोग नाही. एकाच उपविभागात पाचही जणांचे पाहणी अहवाल पडून असतील, तर मात्र अधीक्षक अभियंत्याकडे मिळून जाण्यात जोर आहे.

कायद्याचा भक्कम आधार म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असे धरतात. करारात काहीही लिहिले असले तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर १८ टक्के. अर्ज पुरवठादार जिथला, तिथल्या सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या परिषदेकडे) जातो. आधी समेट, मग लवाद. निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

इथे दोन खड्डे आहेत. उद्यम नोंदणी (या कायद्याखाली लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) करारानंतरची असेल तर त्यावरच वाद रंगतो. आणि माल व मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या कंत्राटाला (वर्क्स कॉन्ट्रॅक्ट) हा कायदा लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पंपाचा पुरवठा आणि उभारणी एकाच वर्क ऑर्डरमध्ये असेल तर समोरचा वकील हाच मुद्दा काढणार. वर्क ऑर्डरमध्ये दोन्हींचे दर वेगळे असतील तर बिलेही वेगळी काढा.

राहिला निविदेचा प्रश्न. झालेल्या कामाचे पैसे मिळून मागणे गैर नाही. पण त्याच व्हॉट्सॲप गटात ‘पुढच्या निविदेत कोणीच भरायचे नाही’ किंवा ‘अमुक दराखाली जायचे नाही’ असे ठरले, तर स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ खाली ती संगनमताची गोष्ट होते. त्या गटात दर हा शब्दच नको. खर्च थकबाकीच्या प्रमाणात वाटून घ्या. कोणी स्वतंत्र तडजोड केली तर आधी इतरांना कळवावे, हे कागदावर असू द्या. पैसे हातात येण्याआधी ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशा कागदावर सही केली की व्याजावर पाणी सोडावे लागते.

प्रश्न : हिंगणघाटहून. वीज कंपनीकडे अडकलेले आमचे बिल तीन वर्षांपेक्षा जुने आहे. ४८ हप्त्यांत थकबाकी देण्याचा नियम आम्हाला लागू होतो का?

उत्तर : नाही. २०२२ चे ते नियम वीजनिर्मिती, वीज पारेषण आणि वीज व्यापार (ट्रेडिंग) करणाऱ्या कंपन्यांना येणे असलेल्या थकबाकीसाठी आहेत. दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीपुरते सांगायचे तर, ती संपण्याआधी वीज कंपनीने थकबाकी लेखी मान्य केली असेल, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजतात. शिल्लक रकमेची पुष्टी करणारे सहीचे पत्र त्यासाठी शोधा. असे काही नसेल तरी परिषदेत समेटासाठी जाता येते, लवादासाठी नाही. ट्रान्सफॉर्मर पुरवठादाराच्या वीज मंडळाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हेच स्पष्ट केले.