ठकी शेल्फवर आणि पोरगी स्टुलावर

घर लावताना अडलेल्या प्रश्नांचं हे सदर. या वेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं खेळण्यांचीच निघाली, म्हणून ती एकत्रच घेतली. पहिलं सविस्तर, कारण त्यात सगळं घरच बोलतंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय, दोन महिने झाले. हॉलच्या एका भिंतीवर खेळण्यांची थीम करायची ठरवलीय म्हणजे शेल्फवर आगगाडी, बैलगाडी, भोवरे, बाहुल्या, वर मोठी रंगीत चाकं, एका घरात बघितल्यापासनं डोक्यातनं जातच नाही. पण घरात दोन पार्ट्या पडल्यात. ह्यांचं म्हणणं सगळं प्लास्टिकचं घेऊया, ब्लॉक जोडून केल्यासारखं, धुतलं की झालं, इथल्या पावसात लाकडाला बुरशी येणार. सासूबाई म्हणतात प्लास्टिक मांडलं की हॉल जत्रेतल्या स्टॉलसारखा दिसणार, लाकडाचंच घ्या, त्यांच्या लहानपणची एक ठकी म्हणजे लाकडी बाहुली आणि सावंतवाडीची लाकडी भातुकली त्यांनी जपून ठेवलीय ती पण मांडायचीय. भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीतनं दुपारनंतर थेट ऊन येतं. आणि पोरगी अडीच वर्षांची, हाताला लागेल ते तोंडात. काय घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून तिसरं, उन्हाचं, वाटलं, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. लाकूड की प्लास्टिक हे नंतर बघू, आधी ती भिंत बघा. पश्चिमेचं ऊन रोज दोन-तीन तास येत असेल तर तिथं काहीच टिकणार नाही, ह्यांचं प्लास्टिक पण नाही. लोकांना वाटतं ऊन-पाण्याला प्लास्टिक बरं, पण पाण्याला बरं असतं, उन्हाला नाही. आपल्या गॅलरीतली बादली दोन उन्हाळ्यांत कडेनं फुटायला लागते ना, तेच. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकची साखळीच तोडतात, पांढरा रंग पिवळा पडतो आणि वस्तू कडक होऊन तडकते. लाकडाचा रंग उडतो आणि एका बाजूनं तापलं की चीर जाते. म्हणून शक्य असेल तर शेल्फ समोरच्या भिंतीवर घ्या, नसेल जमत तर जाड पडदा, आणि दुपारी तो ओढायचा म्हणजे ओढायचाच.

दुसरं, फ्लॅट नवीन आहे. नवीन बांधकामाची भिंत पहिल्या पावसाळ्यात ओल धरते, बाहेरची भिंत असेल तर जास्तच. त्यामुळं शेल्फ भिंतीला घट्ट चिकटवू नका, मागं बोटभर फट ठेवा, हवा खेळली की बुरशीचं निम्मं काम संपतं. ह्यांची भीती खोटी नाही, आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपाटाची दारं फुगून अडकतात. पण फुगतं ते लाकूड पावसाळा सरला की परत बसतं. फुगून परत बसत नाही ते एमडीएफ, आणि खरी फसगत तिथंच होतेय.

हे जरा सविस्तर सांगते. आज बाजारात आणि ऑनलाइन 'वुडन टॉय डेकोर' म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं लाकूड नसतंच, लाकडाचे बारीक तंतू आणि डिंकासारखं रसायन दाबून केलेली पाटी असते, तेच एमडीएफ, लेझरनं आकार कापून वर रंग मारलेला. दिसायला लाकडाहून गुळगुळीत. पण एकदा पाणी कडेतनं आत गेलं की ते बिस्किटासारखं फुगतं आणि कोपरे झडतात. ओळखायचं सोपं आहे, वस्तू उलटी करा, जिथं भोक पाडलंय किंवा रंग लागला नाही ती कड बघा. खऱ्या लाकडात रेषा दिसतात आणि त्या एका बाजूनं दुसरीकडं आरपार जातात. एमडीएफची कड एकसारखी तपकिरी, पुठ्ठ्यासारखी, रेष एक नाही. सासूबाईंना दुकानात सोबत न्या, त्यांचा हात पटकन सांगेल.

मग खरं लाकूड कुठलं? सावंतवाडी आपल्याला जवळच, आजरा-आंबोली करत उतरलं की आलीच. तिथल्या चितार आळीत अजून खेळणी, फळं, पाट, गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते करणारी कारागीर घरं आहेत. खेळण्यांना पूर्वापार पांगाऱ्याचं लाकूड, वजनाला हलकं आणि कापायला मऊ. हलकं आहे ही तुमच्या घरात मोठी जमेची बाजू, शेल्फवरनं पडलं तरी कपाळमोक्ष नाही. पण मऊ लाकडाला कीड लवकर लागते, त्याचं खाली दुसऱ्या पत्रात लिहिलंय. दुसरं म्हणजे कर्नाटकातलं चन्नपट्टण, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं. तिथं लेथवर लाकूड फिरत असतानाच लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबतात, घासून जी उष्णता होते त्यानं लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्यासारखं एक पान दाबून चकाकी आणतात. ब्रशनं रंग मारलाय असं नाहीच ते, म्हणून टवके उडत नाहीत. गोल वस्तूच जास्त, भोवरे, चाकं, मणी, गोलमटोल बाहुल्या. तुम्हाला मोठी रंगीत चाकं हवीत ना, ती तिकडची छान दिसतील.

आणि एक आपल्या गावातलं. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत, बीडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात ते. मिलिमीटरचं काम आहे त्यांचं. बैलगाडीची चाकं, जुन्या पांगुळगाड्याचा तुटलेला दांडा, भातुकलीतलं हरवलेलं झाकण असं काही असेल तर तिथं विचारून बघा, नमुना दिला की करून देणारा भेटतो. मला हे विकतच्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त आवडतं, कारण मग त्या शेल्फवर कोल्हापूर बसतं.

लाखेच्या वस्तूंचं एक पथ्य मात्र लक्षात ठेवा, मी हे चुकलेय आणि अजून मनाला लागतंय. करोनाच्या काळात घरातलं सगळं सॅनिटायझरनं पुसायचो तेव्हा माझ्या आजीचा लाखेचा भोवरा मी तसाच पुसला, आणि लाल रंग सगळा कापसावर आला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिशवाले लाखदाणा स्पिरिटमध्येच भिजवतात, हे मला माहीत असून त्या घाईत सुचलं नाही. तर सॅनिटायझर, स्पिरिट, सेंट काही नको. कोरडं मऊ फडकं, फार तर किंचित ओलं आणि लगेच कोरडं. गॅसजवळ किंवा उन्हात पण नको, लाख मऊ होते आणि वस्तू एकमेकींना चिकटतात.

आता पोरगी. अडीच वर्षांच्या मुलीला 'हे डेकोर आहे, खेळणं नाही' असं काही नसतं हो. आगगाडी दिसली की ती आगगाडीच, आणि शेल्फ उंच असेल तर ती स्टूल ओढून आणणार. आपल्याकडं 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यात रंगातली शिशासारखी घातक द्रव्यं, सुटे भाग, टोकदार कडा हे सगळं तपासलं जातं. पण जी वस्तू 'शोपीस' म्हणून विकली जाते ती यात येत नाही. म्हणजे दिसायला खेळणं आणि तपासणी शून्य. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना पण त्या मार्कातनं सूट आहे, त्यामुळं कारागिराकडं रंग कसला हे तोंडानं विचारायचं, लाखेचा की डब्यातला इनॅमल. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, पण सासूबाईंची ठकी त्याच्या कितीतरी आधीची. त्या काळातल्या रंगाची खात्री कुणी देऊ शकत नाही, म्हणून ठकी आणि भातुकली काचेच्या दारामागं ठेवा, पोरीच्या तोंडात अजिबात नको. आजीनं मांडीवर घेऊन दाखवायची ती वस्तू.

सुट्या भागांसाठी घरात एक चाचणी करता येते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळणी तपासताना 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, तिच्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. घरी टॉयलेट पेपरच्या आतला पुठ्ठा घ्या, तो थोडा मोठाच असतो म्हणजे जास्तच सुरक्षित. भोवरा, चाक, भातुकलीतली वाटी, जे जे त्यातनं आत जाईल ते वरच्या कप्प्यात. आणि शेल्फ नुसतं खिळ्यावर नको, ड्रिल करून गिट्टी घालून स्क्रूनं पक्कं करा, ती एक दिवस त्याला लोंबकळणार हे धरून चाला.

ह्यांच्या ब्लॉकचं काय मग? घ्या की. खालचा कप्पा, पोरीच्या हाताच्या उंचीचा, तो सगळा ह्यांचा. चांगले ब्लॉक एबीएस प्लास्टिकचे असतात, कडक, धुता येतात. मार्क मात्र बघून घ्या आणि वयाप्रमाणे मोठ्या आकाराचे. ह्यांना एक सांगा, ब्लॉकसाठी जगभर नाव असलेल्या लेगो कंपनीनं 1932 मध्ये डेन्मार्कातल्या बिलुंड गावात सुरुवात केली ती लाकडी खेळण्यांनी, मालक सुतार होता, आजचा जुळणारा ब्लॉक 1958 चा, आणि 1960 मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागल्यावर त्यांनी लाकडाचं काम बंद केलं. सासूबाईंना पण सांगा, दोघांचं जमेल. फक्त मऊ रबरासारखी पीव्हीसीची बाहुली लाकडाच्या पॉलिशवर टेकवून ठेवू नका, त्या मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि पॉलिश चिकट होऊन डाग पडतो.

प्रश्न : ताई, माझ्याकडं लग्नात आलेला लाकडी हत्ती आहे, रंगीत. गेल्या महिन्यापासनं त्याच्या पायाखाली रोज पिठासारखी बारीक पूड पडतेय. पुसलं तरी दुसऱ्या दिवशी परत. वाळवी आहे का? टाकून देऊ का? (गडहिंग्लज)

उत्तर : टाकू नका. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. ही लाकूड खाणारी भुंग्याची कीड, अळी आत पोखरते आणि भुंगा होऊन बाहेर पडताना टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडतो, ते शोधा, बहुतेक पोटाखाली किंवा पायाच्या तळाला असेल. आधी हत्ती बाकीच्या लाकडी वस्तूंपासनं वेगळा करून पिशवीत बंद करा, नाहीतर देव्हाऱ्यापर्यंत जाईल. मग हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीवरचं औषध मिळतं ते इंजेक्शनच्या सुईनं प्रत्येक भोकात सोडा, हातमोजे घालून, गॅलरीत, लहान मुलं लांब ठेवून. आधी तळाला एक थेंब टाकून रंगाला काही होत नाही ना बघा. पूर्ण वाळलं की भोकं मेणानं बुजवा आणि हत्ती काळ्या कागदावर ठेवा. नवीन पूड पडली तर काळ्यावर लगेच दिसते. तीन-चार महिने कागद कोरा राहिला की परत जागेवर. रॉकेल ओतायचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका, वास महिनोन्‌महिने जात नाही आणि ते पेट घेणारं.

वस्तू रंगवलेली नसेल, नुसतं लाकूड असेल, तर औषधाऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवता येते, अळ्या थंडीनं मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं. लाखेच्या किंवा रंगवलेल्या वस्तूला हे नको, रंगाला भेगा जातील.

प्रश्न : माझ्या लहानपणीच्या प्लास्टिकच्या मोटारी आणि रोबो आईनं माळ्यावर जपून ठेवलेले, आता वर्क फ्रॉम होमच्या टेबलामागं मांडायचेत. पांढरे सगळे पिवळे पडलेत. कसे पांढरे करू? (इचलकरंजी)

उत्तर : साबणाच्या कोमट पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं धुवा, बॅटरीचा कप्पा उघडून बघा, जुनी बॅटरी फुटून हिरवट-पांढरं काही साचलं असेल तर हातमोजे घालून कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा. एवढ्यानं मळ जाईल, पिवळेपणा जाणार नाही कारण तो वर बसलेला नाही, प्लास्टिकच बदललंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची एक पद्धत चालते, पांढरं होतं खरं, पण बऱ्याचदा काही वर्षांनी परत पिवळं पडतं आणि प्लास्टिक आणखी ठिसूळ व्हायची भीती असते. तुमच्या आईनं एवढी वर्षं जपलेल्या मोटारीवर मी तो प्रयोग करणार नाही. पिवळीच मांडा, मागं गडद निळा किंवा राखाडी कागद लावा, पांढऱ्या भिंतीपुढं पिवळेपणा उठून दिसतो तो तिथं दिसणार नाही. खिडकीतलं ऊन टाळा, आणि चाकं रबराची असतील तर खाली काचेचा तुकडा ठेवा, टेबलाच्या सनमायकाला काळे वण पडतात ते मग निघत नाहीत.